दोन रिकामे स्लॉट

हात कणकेत असले की फोन हटकून वाजतो. परवाही वाजला. भाच्याचा मेसेज होता, पुण्याहून. एका मदरबोर्डचा फोटो आणि खाली त्याच्या नेहमीच्या घाईच्या भाषेत: ‘आत्या, हा घेऊ का? ह्याच्यात डीडीआर४ पण लागते आणि डीडीआर५ पण. माझ्याकडची जुनी १६ जीबी वाया जाणार नाही, नंतर नवीन टाकता येईल. साध्या बोर्डपेक्षा थोडा महाग आहे.’ मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी; डीडीआर४, डीडीआर५ ह्या रॅमच्या, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, जुन्या-नव्या जाती; स्लॉट म्हणजे रॅमची पट्टी बसते ती खोबण. मी करंगळीनं फोटो मोठा करून बघितला. चार स्लॉट, दोन जोड्या, दोन रंगांच्या. बघितलं आणि पोटात काहीतरी जुनं ढवळलं. त्याच करंगळीनं, काचेवर कणकेचा डाग उमटवत, मी उत्तर लिहिलं: ‘नको. असले बोर्ड धड ना इकडचे, धड ना तिकडचे. रिकामे स्लॉट रिकामेच राहतात.’ मिनिटभरानं त्याचं उत्तर आलं, ‘ओके आत्या’. पुढं एक अंगठा.

विषय संपला होता. पोळ्या झाल्या, जेवणं झाली, ओटा पुसून झाला. तो अंगठा मात्र डोक्यातून जाईना.

आमच्या घरात मी ‘कॉम्प्युटरवाली’. हे पद मला २००३ साली मिळालं, साताऱ्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, काम सुरू केलं तेव्हा, आणि मी लॅपटॉपवर आले तरी ते सुटलं नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, बी.एड.च्या मुलींचे प्रबंध. पान मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी ह्या दोन पायांवर सगळा संसार उभा होता. त्या काळी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असायचा, काडेपेटीएवढा, कॅबिनेटच्या मागं पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरची केबल लागायची त्या जागी लावलेला. तो नसेल तर फॉन्ट उघडायचेच नाहीत. पाहुण्यांच्या पोरानं एकदा तो खेळायला उपटून नेला होता आणि मी चार तास घर पालथं घातलं होतं. शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला. त्या पोराचं आता लग्न झालं. पत्रिका माझ्याकडं नव्हती, मोबाइलवर व्हिडिओ आला.

२०१० च्या पावसाळ्यात मशीन बंद पडलं. आदल्या रात्रीपर्यंत ठीक होतं, सकाळी पंखा फिरतोय पण पडद्यावर काही नाही. झाकण काढून टॉर्च मारला तर प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर भजीसारखे फुगलेले, एकाच्या डोक्यातून तपकिरी काहीतरी बाहेर आलेलं. बोर्ड गेला होता. प्रोसेसर बरा होता, २ गिगाहर्ट्झचा पेंटियम ड्युअल कोअर. रॅम बरी होती, डीडीआर२, एकेक जीबीच्या दोन. हार्ड डिस्क बरी होती, आणि तिच्यात एका पतसंस्थेचा ऐंशी पानांचा अहवाल होता, जो वार्षिक सभेच्या आत छापून जायला हवा होता. माझ्या बॅकअपबद्दल कृपया विचारू नका.

दादा तेव्हा डोंबिवलीला राहायचा. म्हणाला, ‘एसटीत बस आणि ये. लॅमिंग्टन रोडला जाऊ.’ मी प्रोसेसर आणि दोन्ही रॅम जुन्या पत्रिकांच्या लिफाफ्यात घालून पर्समध्ये ठेवल्या आणि निघाले. दागिने घेऊन प्रवास करताना बाई जशी दर दहा मिनिटांनी पर्स चाचपते तशी खंबाटकी घाटापासून चाचपत होते.

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, ज्यांनी पावसात बघितलाय त्यांना मी काय वेगळं सांगणार. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरायचं, छत्र्यांच्या तारा चुकवत चालायचं. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, रिमोट, बॅटऱ्या, त्यांच्यावर घातलेलं प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर साचलेलं पाणी दुकानाचा पोऱ्या खालून बोटानं ढकलतोय. हातगाडीवर मॉनिटरची खोकी, ‘साइड, साइड’. दुकानं एवढीशी की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्यानं श्वास सोडूच नये. नव्या प्लॅस्टिकचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि कुठूनतरी येणाऱ्या सोल्डरिंगच्या धुराचा एक वास तिथं भरून असायचा. तो मला फार आवडायचा. अजूनही नवीन वस्तूचं खोकं उघडलं की मी आधी वास घेते, घरातले हसतात.

पहिल्या दुकानदारानं सरळ सांगितलं, जुनं सगळं विसरा. आय३ घ्या. त्या वर्षीच जानेवारीत ते प्रोसेसर आले होते. त्याला नवा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), म्हणजे नवा बोर्ड, त्याला डीडीआर३, म्हणजे नवी रॅम. आणि त्यानं दाखवलेल्या बोर्डाच्या पाठीवर पॅरलल पोर्टच नव्हता. माझा लॉक कुठं लावू? पावतीच्या मागं त्यानं आकडा लिहून दिला. दादानं तो वाचला आणि काही न बोलता घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दुकानात साधा डीडीआर२ चा बोर्ड होता, अडीच हजाराच्या आसपास. आणि तिसऱ्या, जिन्याखालच्या दुकानात, डोळ्यांवर चष्मा नि कपाळावर दुसरा चष्मा अशा एका शेठनं हा काढला. जी४१ चिपसेटचा, म्हणजे बोर्डाचा कारभार बघणाऱ्या त्या नावाच्या चिपांचा. दोन स्लॉट डीडीआर२ चे, दोन डीडीआर३ चे, पाठीवर पॅरलल पोर्ट, माझ्या जुन्या हार्ड डिस्कची चपटी केबल लावायला जागासुद्धा. साध्या बोर्डापेक्षा चारशे रुपये जास्त.

मी विचारलं, म्हणजे माझ्या दोन जुन्या आणि वर एक नवी, अशा तिन्ही लावल्या तर? शेठ हसला. ‘नहीं भाभी. एक तो ये, नहीं तो ये. दोनों साथ में नहीं.’

मग त्यानं खोक्यातून डीडीआर३ ची एक पट्टी काढून माझ्या पट्टीशेजारी काउंटरवर ठेवली. लांबी सारखी. पिना मोजल्या तर दोन्हीकडं २४०. फरक फक्त खालच्या खाचेचा, ती काही मिलिमीटर सरकलेली. एवढ्याशा खाचेनं चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटात बसत नाही, कितीही दाबा. जुनीला १.८ व्होल्ट लागतात, नवीला १.५. दोघींशी बोलणारा कंट्रोलर माझ्या जातीच्या प्रोसेसरमध्ये नसे, बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असे, त्या ॲल्युमिनियमच्या कंगव्याखाली. त्या चिपला दोन्ही भाषा यायच्या. पण तिच्यापासून स्लॉटांपर्यंत जाणाऱ्या तारा एकच, त्यांच्यावर एका वेळी एकच बोलणं. शेठनं हे एवढं सांगितलं नाही, हे मी पुढं वाचून समजून घेतलं. त्यानं फक्त दोन बोटं वर केली आणि एक मिटलं.

मी साध्या बोर्डाकडं झुकले होते. चारशे रुपये म्हणजे शंभर पत्रिकांची जुळणी, प्रूफ आणि दोनदा बदललेली नावं. पण दादानं आपलं पाकीट काढलं. ‘वरचे चारशे माझे,’ म्हणाला. ‘आज जुनीवर चालव. पुढं पैसे आले की नवी टाक. एका भिंतीला दोन दारं मिळतायत, एक बंद ठेव.’ दादा बोलताना घरबांधणीच्या उपमा देतो. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला ते शोभतं.

घरी आणून बोर्ड बसवला. जुन्या रॅमच्या पिना खोडरबरानं पुसल्या, फुंकर मारली, डीडीआर२ च्या स्लॉटात दाबल्या, दोन्ही कडांचे कान टक् टक् करून वर आले. मशीन सुरू झालं. अहवाल सापडला. डीडीआर३ चे दोन स्लॉट शेजारी आ वासून होते. साताऱ्यात आमच्या गल्लीत मार्च ते मे जी धूळ येते ती बघता मला ते बघवेना. एका बाद पत्रिकेच्या जाड सोनेरी कागदाची पट्टी कापली, दुमडली आणि दोन्ही स्लॉटांवर टोपीसारखी बसवली. पंख्याचा वारा लागून हलणार नाही इतपत घट्ट.

ती ‘पुढं पैसे आले की’ची वेळ आली नाही असं नाही. आली आणि गेली. वर्षा-दोन वर्षांत डीडीआर३ इतकी स्वस्त झाली की घ्यायला हवी होती. पण तेव्हा मशीन बरं चाललं होतं. चाललेल्या मशीनला हात लावू नये हा डीटीपीवाल्यांचा धर्म आहे, आणि लगीनसराईत तर तो मोडणाऱ्याला मोक्ष नाही. शिवाय एक गोष्ट मला तोवर कळली होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या प्रोसेसरचा फ्रंट साइड बस, म्हणजे प्रोसेसर नि बोर्डामधला रस्ता, ८०० चा. त्यामुळं डीडीआर३ लावली असती तरी ती ८०० च्याच चालीनं चालली असती. म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपलेला खोंड. नव्या पट्टीचा वेग वापरायला नवा प्रोसेसर, आणि नव्या पिढीचा प्रोसेसर त्या सॉकेटात येणारच नव्हता, कारण तो सॉकेटच शेवटच्या घटका मोजत होता. दोन दारं होती खरी, पण दोन्ही एकाच खोलीत उघडणारी.

२०१३ साली मात्र गाडी अडली. रंगीत पत्रिकांच्या फाइली मोठ्या व्हायला लागल्या, दोन जीबीत दम लागायला लागला. डीडीआर२ च्या जास्त क्षमतेच्या पट्ट्या बाजारात शोधल्या तर नव्या जातीपेक्षा महाग. हे मला तेव्हा उलटंच वाटलं होतं, जुनं ते स्वस्त असं आपण धरून चालतो. पण कारखान्यांनी एखादी जात बनवणं थांबवलं की उरलेला माल रद्दी होत नाही. ज्याचं मशीन त्याच्यावाचून अडलंय त्याच्याकडून जमेल तेवढं वसूल केलं जातं. तेव्हा मी मोठ्या थाटात डीडीआर३ ची चार जीबीची एक पट्टी आणली. सोनेरी टोपी काढली, नवी पट्टी बसवली, बटण दाबलं. टूंऽऽ. थांबून पुन्हा टूंऽऽ. रॅम ओळखत नाही म्हणून रडणाऱ्या बोर्डाचा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याच्या कानांत तो कायमचा राहतो. काढली, पुसली, दुसऱ्या स्लॉटात लावली. टूंऽऽ. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेलाय तुमचा. जुनी रॅम लावली की चालतोय हे ऐकूनही म्हणाला.

शेवटी पोवई नाक्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेले. दुकान म्हणजे एक टेबल, वर उघड्या कॅबिनेटांचे सांगाडे. त्यानं माझी पट्टी उजेडात धरली आणि मक्याचे दाणे मोजावेत तशा काळ्या चिपा मोजल्या. ‘आठ,’ म्हणाला. मग पालथी केली. मागची बाजू कोरी. ‘ताई, जी४१ ला आठवाली चालत नाही. चार जीबी पाहिजे तर सोळावाली लागते, दोन्ही बाजूंनी भरलेली.’ हिशेब असा होता: तो चिपसेट एका चिपमध्ये २ गिगाबिटपर्यंतच वाचू शकायचा. दोन-दोनच्या सोळा चिपा म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजेच ४ जीबी (आठ बिटांचा एक बाइट). माझ्या पट्टीत चार-चारच्या आठ होत्या. बेरीज तीच, पण बोर्डाला एवढा मोठा घास गिळता येत नव्हता. आणि आठवाल्याच आता सगळीकडं मिळत होत्या, कारण बनवायला त्या स्वस्त. सोळावाली मी साताऱ्यात शोधली, कोल्हापुरात एकाला सांगून ठेवली. मिळाली नाही. पट्टी परत केली, जुन्या दोन परत बसवल्या, टोपी परत घातली.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, ‘ते दुसरं दार उघडलंस का गं?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘नवीन टाकली. मस्त चालतंय.’

का म्हणाले, कोण जाणे. चिपा, गिगाबिट, सोळावाली, हे सगळं त्याला फोनवर सांगायचा कंटाळा आला असेल. किंवा त्याच्या चारशे रुपयांचं तोंड पडू नये असं वाटलं असेल. तो ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणाला आणि खूश झाला. मी २०१७ पर्यंत ते मशीन दोन जीबीवर ओढलं.

परवा रात्री झोप लागेना तेव्हा मला आमचे नाना आठवत होते. नाना जुळारी होते. छापखान्यात उभ्यानं खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे, खिळ्यांच्या पेटीतल्या कुठल्या घरात कुठलं अक्षर हे त्यांच्या बोटांना ठाऊक असायचं, डोळ्यांना नव्हे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा हाताला शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास असायचा. मालकांनी ऑफसेट आणलं, कॉम्प्युटर आणला, तरी मागच्या खोलीत ट्रेडल, खिळ्यांनी छापायचं जुनं यंत्र, ठेवलं. लग्नाच्या अहेराची पाकिटं, व्हिजिटिंग कार्डं, पावतीपुस्तकांवरचे नंबर असलं बारीक काम नाना त्याच्यावर करत. लोक मालकांना हसायचे, एवढी जागा अडवून काय ठेवलंय ते धूड. आठवड्यातून एखादं काम यायचं. मी शाळेतून त्यांना डबा द्यायला जायचे तेव्हा पुढच्या खोलीत एसीची घरघर आणि मागं ट्रेडलचा खडाक् खडाक्. दोन्ही आवाज कधी एकदम ऐकल्याचं आठवत नाही. मालक वीजबिलाला भीत असतील, किंवा मला तसं आठवत असेल. नाना सेवानिवृत्त झाले त्याच्या पुढच्या महिन्यात ट्रेडल भंगारात गेलं. मालकांनी ते मशीन कशासाठी ठेवलं होतं हे तेव्हा मला कळलं, नानांना बहुतेक आधीपासून माहीत असावं.

(मेमरी म्हणजे आठवण असा खेळ इथं करता येईल, पण तो खोटा आहे. रॅमला काही आठवत नाही. तिच्यातला एकेक कण म्हणजे गळका माठ. सेकंदाच्या अगदी छोट्या भागात पुन्हा भरला नाही तर रिता होतो, आणि कंट्रोलर बिचारा जन्मभर हेच करत असतो, वाचा आणि परत लिहा. लोडशेडिंगच्या काळात आम्ही दर दोन ओळींनी कंट्रोल-एस दाबायचो ते उगाच नाही. वीज गेली की पाटी कोरी.)

भाच्याचा फोटो मी रात्री पुन्हा उघडला. ह्या वेळी कणकेशिवाय, चष्मा लावून. एच६१० चिपसेट, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचा सॉकेट. आता कंट्रोलर बोर्डावर नसतो, प्रोसेसरच्या पोटात असतो, आणि २०२१ च्या शेवटी बारावी पिढी आली तेव्हापासून त्या प्रोसेसरांना डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही कळतात. बोर्ड बनवणारे एक काय ते ठरवून टाकतात, बहुतेक सगळे. दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी ठेवणारे मोजकेच. पिना पुन्हा सारख्याच, २८८. खाच पुन्हा सरकलेली. डीडीआर४ ला बोर्ड १.२ व्होल्ट करून देतो. डीडीआर५ आपला स्वयंपाक आपण करते, ५ व्होल्ट घेते आणि पट्टीवरचीच एक चिप त्याचे १.१ करते. आणि पुन्हा तेच: एक तो ये, नहीं तो ये.

सोळा वर्षांनी तोच बोर्ड, नवीन कपड्यांत. मग माझ्या ध्यानात आलं की हे बोर्ड नेहमी रॅमची एक जात मावळून दुसरी यायला लागली की निघतात. २००१ साली एसडीरॅम आणि डीडीआर ह्या त्या वेळच्या दोन्ही जाती घेणारा ईसीएस कंपनीचा के७एस५ए आला होता. २०१५ नंतर डीडीआर३एल आणि डीडीआर४ वाले आले. मधला माझा. आणि आता हा. इंटेलचा पुढचा सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो, इंटेलची स्पर्धक एएमडी, तिचा एएम५ सॉकेट तर २०२२ पासून तेवढंच घेतो. म्हणजे ह्या बोर्डालाही पुढं रस्ता नाही. मी बरोबरच बोलले होते की, असं म्हणून मी फोन पालथा ठेवला.

पण भाच्याचं गणित वेगळं होतं, आणि ते मी वाचलंच नव्हतं. माझ्या वेळी डीडीआर३ स्वस्त होत चालली होती, मी आळस केला. त्याच्या वेळी रॅमच्या दुकानात आग लागलीय. डीडीआर४ बंद करायचं कंपन्यांनी काढलं म्हणून २०२५ च्या मध्याला तीच आधी भडकली, काही दिवस घाऊक बाजारात डीडीआर५ च्याही वर. मग एआयच्या सर्व्हरांसाठी सगळे कारखाने तिकडं वळले आणि डीडीआर५ ही वर गेली. मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यातल्या मायक्रॉननं डिसेंबरात जाहीर करून टाकलं की आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद. ज्याच्या हातात १६ जीबी डीडीआर४ आहे त्यानं ती टाकून आजच्या भावात डीडीआर५ घ्यायची म्हणजे बोर्डापेक्षा मिठाची पुडी महाग. त्यानं आज जुनी लावली, भाव उतरल्यावर डीडीआर५ घेतली, तर ती ह्या बोर्डात चालेल आणि पुढं बोर्ड बदलला तर सोबत जाईल. डीडीआर४ कुठंच जाणार नाही. म्हणजे ह्या खेपेला दुसऱ्या दाराबाहेर रस्ता होता.

सकाळी आंघोळीआधी मी माळ्यावर चढले. कॅबिनेट चादरीत गुंडाळलेलं होतं, गणपतीच्या मखराच्या मागं. खाली आणलं, झाकणाचे स्क्रू काढले. पंख्याच्या पात्यांवर धुळीची मऊ लव चढलेली, नॉर्थब्रिजच्या कंगव्यात मेलेला कोळी, बटण बॅटरीच्या कडेला हिरवट बुरशी. आणि सोनेरी टोपी जागच्या जागी. रंग उतरलेला, पण ‘श्रीकृपेकरून’ मधलं ‘कृपेकरून’ अजून वाचता येत होतं. कुणाच्या लग्नातली ती पत्रिका होती हे काही केल्या आठवेना. टोपी उचलली. सगळ्या बोर्डावर तेवढी दोनच घरं स्वच्छ होती. पिना चकचकीत, एका दुपारपुरत्या वापरलेल्या.

जमिनीवर बसूनच भाच्याला फोन लावला. म्हटलं, काल मी घाईत लिहिलं, तू तो बोर्ड घे. पण फोटोत दिसतात तसे दोन्ही जातींचे दोन-दोन स्लॉट खरंच आहेत ना, ते आधी बघ. एकेकच असेल तर एका पट्टीवर चालवावं लागेल, आणि तू ग्राफिक्स कार्ड आत्ता घेणार नाहीस म्हणतोस, म्हणजे पडद्याचं कामही रॅमवरच चालणार, तर ते तुला जाणवेल. दोन्ही एकदम लागणार नाहीत हे डोक्यात ठेव. डीडीआर५ घेशील तेव्हा बोर्डाच्या साइटवर चालणाऱ्या रॅमची यादी असते, तिच्यात नाव शोध आणि मगच पैसे दे. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. वॉरंटी तीन वर्षांची लेखी घे. रिकामे स्लॉट झाकून ठेव, पण चिकटपट्टीनं नको, डिंक उतरतो.

‘मग कशानं?’

‘जाड कागदाची टोपी कर. लग्नपत्रिकेचा कागद चांगला.’

‘आत्या, पत्रिका कोण छापतं आता?’ तो हसला. मग म्हणाला, ‘पण तू काल नको का म्हणालीस? बाबा तर म्हणाले, तुझ्याकडं असाच होता आणि तू दोन्ही वापरलेस. त्यांनीच सांगितलं मला हा बघ म्हणून. थांब, ते इथंच आहेत, देतो.’

नको म्हणायच्या आत फोन हातातून हातात गेला. दादाचं खाकरणं ऐकू आलं. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळं तो ओरडून बोलतो.

‘काय गं, आधी नको म्हणालीस म्हणे पोराला? आपला कसा होता? चारशे वसूल झाले का नाही?’

माझ्या मांडीवर टोपी होती. बोटाला थोडा सोनेरी वर्ख लागला होता.

‘दादा,’ मी म्हणाले, ‘ते दुसरं दार ना, एक दुपार उघडलं होतं.’

‘काय? जोरात बोल.’

‘झाले,’ मी ओरडले. ‘वसूल झाले म्हटलं.’